एका रात्रीत कोरलेली लेणी



या व्याख्यानमालेत आजवर मला दोनदा बोलावले गेले, आणि दोन्ही वेळा विषय कामगार कायद्याचा होता. यंदा मीच चालकांना सांगितले की मला मुलांच्या गोष्टींवर बोलायचे आहे. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. गेटसभेत बोलणार्‍या माणसाचा परीकथेशी काय संबंध, असा प्रश्न त्यांच्या चेहर्‍यावर दिसत होता, आणि तो रास्त होता. माझे शाळेतले शिक्षण दहावीपुढे गेलेले नाही. पुढचे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात, पाळी सुटल्यावर. तेव्हा पंडिताचे भाषण म्हणून हे ऐकू नका. आयुष्यभर कामगारांच्या हजेरीपत्रकावरची नावे तपासत आलेल्या एका माणसाने गोष्टीची पुस्तके वाचली, आणि तिथेही त्याने सवयीने हजेरीपत्रक तपासले, एवढेच समजा.

विषय असा आहे. जुन्या काळच्या भव्य वास्तू, म्हणजे पिरॅमिड, बाबिलोनचे राजवाडे, आपली लेणी, आपले गड, यांत मुले शिरतात, जादूने मागच्या काळात जातात, साहस करतात आणि घरी परत येतात. अशा गोष्टींचे मुलांना फार वेड असते. मलाही होते. ‘चांदोबा’ मी दुसर्‍याच्या घरी उभ्या उभ्या वाचलेला आहे. त्यातला पडका देवालयाचा चौथरा, वेताळ, भुयार आणि भुयाराच्या तोंडाशी बसलेला नाग हे सगळे माझ्या ओळखीचे होते. इंद्रजाल कॉमिक्सच्या एका अंकासाठी आम्ही चार मुलांनी वर्गणी काढीत असू. माझ्या आयुष्यातली ती पहिली वर्गणी. मुलांनी असल्या गोष्टी वाचू नयेत, त्याने डोके बिघडते, असे म्हणणारी वडीलमंडळी तेव्हाही होती व आजही आहेत. मी त्यांच्या बाजूचा नाही. ज्या मुलाला हजार वर्षे मागे जाता येत नाही, त्याला दहा वर्षे पुढचे तरी कसे दिसणार?

परंतु या गोष्टींत एक ठरलेली खोड आहे. वास्तू तयार असते. ती कोणी बांधली हे विचारायची सोयच नसते. विचारलेच तर उत्तर येते: एका रात्रीत झाली. अल्लाउद्दीनचा राजवाडा दिव्यातला जिन एका रात्रीत उभा करतो. तो अरबी गोष्टींतला. आपल्याकडे तेच काम पांडवांवर टाकलेले आहे. महाराष्ट्रात कोठेही डोंगरात कोरीव काम दिसले की ती ‘पांडवलेणी’ होतात. अंबरनाथच्या शिवमंदिराची गोष्ट तुमच्यापैकी कोणी ऐकली असेल. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, उजाडले म्हणून वरचे काम अपुरे राहिले, आणि ते निघून गेले. त्याच देवळात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे आणि त्यात शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आहे. तरी लोकांच्या तोंडी पांडवच राहिले.

आम्ही तिसर्‍या पाळीची माणसे. एका रात्रीत काय होते आणि काय होत नाही हे आम्हाला नीट ठाऊक आहे. रात्रीत भट्टी लागते, रस ओतला जातो, आणि पहाटे चारच्या सुमारास माणसाचे डोळे मिटू लागतात तेव्हा अपघात होतात. म्हणून ‘एका रात्रीत’ हे शब्द ऐकले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: कोणाच्या रात्री? किती जणांच्या? हसू नका, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

याच लोककथांच्या गर्दीत एक गोष्ट मात्र निराळी निघाली, आणि ती आपल्या मराठीतली आहे. कृष्ण याज्ञवल्की नावाच्या जुन्या ग्रंथकाराच्या ‘कथाकल्पतरू’त वेरूळच्या कैलासाची कथा येते. राजा आजारी पडतो. राणी माणिकावती नवस बोलते की राजा बरा झाला तर शिवाचे देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. आता पंचाईत आली. कळस तर सगळ्यात शेवटी चढतो. तोवर राणी जगायची कशी? कारागीर बोलावले जातात आणि मान खाली घालून परत जातात. शेवटी पैठणचा कोकस नावाचा स्थपती येतो आणि म्हणतो, आठवड्याच्या आत कळस दाखवतो. तो डोंगराच्या माथ्यावर चढतो आणि वरून खाली कोरायला लागतो. आधी कळस, मग शिखर, मग मंडप.

या गोष्टीत नवस आहे, राणी आहे, अद्भुताची चव आहे. मात्र अडचण सुटते ती कारागिराच्या डोक्याने. राष्ट्रकूट राजांपैकी पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात, कैलास खरोखरच वरून खाली कोरला गेला, हे अभ्यासक सांगतात. म्हणजे गोष्ट रचणार्‍याने डोंगर नीट पाहिला होता. बडोद्याला सापडलेल्या इसवी सन ८१२ च्या सुमाराच्या ताम्रपटात याच देवळाचे वर्णन आहे, आणि ते घडवणारा शिल्पी स्वतःच चकित झाला, हे आपल्या हातून कसे झाले असे त्याला वाटले, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. राजाचे नाव त्या ताम्रपटात आहे. शिल्प्याचे नाव नाही. मराठी कथेने त्याला निदान कोकस हे नाव तरी दिले. खरे असो वा नसो, मस्टरवर नोंद झाली.

आणि खरी नावे हवी असतील तर तीही आहेत. ती वाचायला कोणी मुलांना शिकवत नाही, इतकेच. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. ते दार त्याने केले, आणि तसे लिहून ठेवले. नाशिकच्या लेण्यांना आपण पांडवांच्या नावावर करून टाकले आहे. तिथे शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंच्या कपड्यांचा खर्च चालवायचा. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. एका राजाच्या जावयाचा विश्वास विणकरांच्या संघावर होता, ही गोष्ट मला वेताळाच्या पंचविसांहून अद्भुत वाटते. तिथल्याच दुसर्‍या एका लेखात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, विष्णुदत्ता नावाच्या बाईने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेवी ठेवल्या आहेत. त्या ठेवी घेणार्‍यांत पाण्याची यंत्रे करणारे आहेत, तेली आहेत. औषधपाण्याचा फंड! आम्ही ईएसआयच्या दवाखान्यासाठी किती अर्ज केले ते इथे सांगत बसत नाही, तो आजचा विषय नव्हे.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ, कारण या जातीच्या गोष्टींतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट इंग्रजीत आहे. एडिथ नेस्बिट नावाची एक लेखिका होती. १८८४ साली लंडनमध्ये फेबियन सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापक सभासदांत ही बाई आणि तिचा नवरा होता. समाजवादाची व्याख्याने ऐकायची, घर चालवायचे आणि पोट भरण्यासाठी मुलांच्या गोष्टी लिहायच्या, असे तिचे आयुष्य. १९०६ साली तिचे ‘द स्टोरी ऑफ द अ‍ॅम्युलेट’ हे पुस्तक निघाले. आपण त्याला ‘ताइताची गोष्ट’ म्हणू. शब्दकोश शेजारी ठेवून मला ते वाचायला तीन महिने लागले.

चार भावंडांना अर्धा तुटलेला ताईत मिळतो. त्याचा दुसरा अर्धा भाग शोधायला ती त्या ताइताच्या कमानीतून जुन्या काळात जातात: इजिप्त, बाबिलोन, बुडालेले अटलांटिस. ही माहिती तिने वार्‍यावर घेतलेली नव्हती. ब्रिटिश म्युझियममधल्या वॉलिस बज या इजिप्तच्या पंडिताकडून ती शिकत होती, आणि पुस्तक त्यालाच अर्पण केले आहे. मुले फेरोच्या नगरात पोचतात. इतर कोणत्याही पुस्तकात तिथे ममी उठली असती. इथे रस्त्यात गर्दी दिसते. एक उंच, तांबूस वर्णाचा मजूर अडवलेल्या रथावर चढून भाषण करतो आहे. आपल्या घामावर मालक चैन करतात आणि आपल्याला जेमतेम पोटापुरते मिळते, असे त्याचे म्हणणे. मागण्या काय, तर भाकरी जास्त, कांदे जास्त, बिअर जास्त आणि दुपारची विश्रांती अधिक लांब. गर्दीतला एक जण विचारतो, हे करणार कसे? दुसरा म्हणतो, जपून, अंगाशी येईल. एक गट म्हणतो धान्याच्या कोठारांवर चला, दुसरा म्हणतो राजाला अर्ज देऊ. मुलांपैकी रॉबर्ट भावंडांच्या कानात सांगतो की यातले जवळजवळ सगळे आपण गेल्या रविवारी लंडनच्या हाइड पार्कात ऐकले आहे.

मी ते पान वाचले आणि पुस्तक मिटून मोठ्याने हसलो. घरच्यांना वाटले काय झाले. एकही शब्द खोटा नव्हता! ‘कसे करणार’ म्हणणारा, ‘जपून’ म्हणणारा, ‘आधी अर्ज देऊ’ म्हणणारा, हे तिघेही माझ्या प्रत्येक गेटसभेत असतात. त्यांची नावे मी सांगू शकेन, पण ते समोर बसले आहेत.

पुढे बाबिलोनची राणी लंडनला येते. मजुरांच्या वस्तीतून जाताना ती मुलांना विचारते की तुमचे गुलाम इतके कंगाल का दिसतात. मुले सांगतात की हे गुलाम नाहीत, कामकरी लोक आहेत. राणीला त्यात फरक दिसत नाही. हे लोक बंड करतील असे ती म्हणते, तेव्हा तिला सांगितले जाते की त्यांना मत आहे, म्हणून ते बंड करणार नाहीत. मत म्हणजे काय, त्याचे ते करतात काय, असे ती विचारते आणि मुलांना सांगता येत नाही. मग तिला वाटते, म्हणजे एक प्रकारचे खेळणे. हे मुलांच्या पुस्तकात आहे हे लक्षात घ्या. पुस्तकातला तो प्रसंग मात्र पुढे मला थोडा लंगडा वाटतो. राणी इच्छा करते आणि प्रत्येक भुकेल्याच्या हातात जादूने जेवण येते. संपाच्या सभेपासून आपण पुन्हा एका रात्रीतल्या राजवाड्याकडे गेलो. बाईंना घाई झाली असावी, प्रकाशक दाराशी उभा असेल.

इजिप्तमधला तो मजुरांचा प्रसंग तिने कल्पनेने लिहिला असेल. पण तसे खरोखर घडलेले आहे. थिब्जजवळ, फेरोंच्या थडग्यांचे कोरीव काम करणार्‍या कारागिरांची एक वसाहत होती. त्या जागेला आज देर अल-मदिना म्हणतात. तिसर्‍या रामसेसच्या राज्याचे एकोणतिसावे वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ११५७. पगार धान्याच्या रूपाने मिळायचा आणि तो थकला होता. कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली, वसाहतीच्या चौक्या ओलांडल्या आणि एका देवालयामागे जाऊन बसून राहिले. आम्हाला भूक आणि तहान इथे घेऊन आली, अंगावर वस्त्र नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे राजाला कळवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याच वसाहतीतल्या अमेननख्त या लेखकाने हे टिपून ठेवले, आणि तो पपायरस इटलीत तूरिनच्या संग्रहालयात आहे. जगात लिहून ठेवलेला पहिला संप तो हा. थकलेले धान्य त्यांना मिळाले, पण पुढे ते पुन्हा थकले आणि पुन्हा बसावे लागले. यातही नवीन काही नाही.

पिरॅमिडांचेही तसेच. चाबूक खाणारे गुलाम दगड ओढताहेत, हे चित्र सिनेमाने आपल्या डोळ्यांवर चिकटवले. गिझाजवळ १९९० नंतर बांधकामावरच्या लोकांची वसाहत आणि त्यांच्या कबरी खणून काढल्या गेल्या. तिथे भाकरीच्या भट्ट्या निघाल्या. मोडलेली आणि नीट सांधलेली हाडे निघाली. म्हणजे जखमी माणसावर इलाज होत होता. दगडांवर टोळ्यांची नावे रंगवलेली आहेत. एक टोळी स्वतःला ‘खुफूचे दोस्त’ म्हणवते, तर दुसरी ‘मेनकौरेचे पियक्कड’. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे २०१३ साली जे पपायरस मिळाले, त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची त्याची टोळी तूरा येथून चुनखडीचे दगड नावेने गिझाला आणीत असे, आणि कोणत्या दिवशी कोठे मुक्काम झाला हे तो लिहून ठेवीत असे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा लॉगबुक! बालमित्रांनो, ममीच्या शापाहून हे वाईट आहे काय?

आता कोणी म्हणेल, इजिप्त आणि बाबिलोन ठीक आहे, पण आमच्या कागलच्या मुलाने कोणत्या कमानीतून जायचे? आमच्याकडे तर ही पंचतारांकित एमआयडीसी. माझ्या एका गावाकडच्या चुलत्यांना ‘पंचतारांकित’ म्हणजे हॉटेल वाटले होते. शेड पाहून ते फार निराश झाले. पण कमान इथून अर्ध्या तासावर आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४ ते ४६ या काळात तिथे खोदकाम झाले. पुढचे शास्त्रशुद्ध उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे सांकलिया आणि दीक्षित यांनी केले. खाली सातवाहन काळचे गाव निघाले, आणि त्यात ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात पोसायडनची लहानशी मूर्ती होती. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. रोमच्या साम्राज्यात कोठेतरी ओतलेली ती मूर्ती गलबतातून आपल्या पश्चिम किनार्‍यावर आली आणि घाट चढून कोल्हापुरात पोचली. त्याच साठ्यात एक उठावाचे गोल पदक आहे. त्यावर पर्सियस हा वीर आणि त्याने सोडवलेली अँड्रोमीडा आहेत. ग्रीकांची ती मुलांना सांगायची साहसकथा: खडकाला बांधलेली राजकन्या, समुद्रातून येणारा राक्षसी प्राणी, पंखांच्या पायताणावर उडत येणारा वीर. आणि तो प्राणी धाडणारा कोण, तर हाच पोसायडन. म्हणजे साहसकथा आणि तिच्यातला रागावलेला देव, दोघेही अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी पंचगंगेकाठच्या एका घरात एकत्र ठेवलेले होते. त्या घरातल्या पोरांनी ‘हा कोण, ही बांधलेली का’ असे विचारले नसेल काय?

काही वर्षांपूर्वी युनियनतर्फे आम्ही कामगारांच्या मुलांना टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेले होते. बरोबर काही पालक होते. त्यात फाउंड्रीत फेटलिंगला काम करणारा एक जण, ठेकेदाराकडचा. त्याची मुलगी चौथीत. शाळेत ‘माझे बाबा’ या निबंधात तिने एकच ओळ लिहिली होती की बाबा कंपनीत जातात. कंपनीत काय करतात हे तिला माहीत नव्हते, आणि अंगाला काळे लावून येणार्‍या बापाने ते कधी सांगितले नव्हते. ब्रह्मपुरीच्या ब्राँझपुढे हा माणूस थांबला तो हलेना. काचेला नाक लावून त्याने पाहिले आणि मुलीला म्हणाला, “ह्यो वतल्याला हाय बघ. ठोकून केल्याला न्हवं.” मग मेणाचा आकार कसा करतात, त्यावर माती कशी लिंपतात, मेण वितळून गेल्यावर त्या पोकळीत रस कसा ओततात, मग माती फोडून वरचे खडबडीत कसे घासून काढतात, हे त्याने तिला हातवारे करून सांगितले. मेणाच्या साच्याचे काम त्याने स्वतः केलेले नाही. त्याच्या फाउंड्रीत वाळूचे साचे असतात. पण ओतारी परंपरा या मुलखात जुनी आहे आणि तो ती जाणून होता. भोवती पंधरा-वीस मुले गोळा झाली. मुलीने विचारले, “मग शेवटचं घासायचं काम तुमचं?” तो म्हणाला, “व्हय, त्येच.” त्या साठ्यातली हत्तीवर बसलेल्या माणसांची छोटी मूर्ती इथल्या घडणीची मानतात, ती तर त्याने मुलांना दोनदा दाखवली.

त्या माणसाचे नाव कंपनीच्या मस्टरवर नाही, ठेकेदाराच्या कागदावर आहे, आणि ठेकेदार बदलला की कागद बदलतो. त्याने ओतकामाचे जे पार्ट घासले ते ट्रॅक्टरात बसून कोठे कोठे गेले असतील. त्यांवर कंपनीचा शिक्का असतो. यासाठी आम्ही भांडतो आणि भांडत राहू, ते कायद्याच्या व्यासपीठावर. पण ज्या मुलीच्या सगळ्या गोष्टींत राजवाडे जिन बांधतो आणि लेणी पांडव कोरतात, तिला आपला बाप कोणत्या गोष्टीत सापडणार? आणि बिहारहून, ओडिशाहून, सीमेपलीकडच्या निपाणीकडून आलेल्या कामगारांची मुले याच वसाहतीत वाढत आहेत. त्यांना तर ‘हे गाव तुमचे’ असे सांगणारी गोष्टही नाही.

आमच्या वसाहतीच्या वाचनालयात ‘किशोर’चे जुने अंक आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहे. कपाट लहान आहे, पण त्याला कुलूप नाही. गेल्या दिवाळीपासून रविवारी दुपारी आठ-दहा मुले तिथे बसून स्वतःच एक गोष्ट रचीत आहेत. एका मुलीला भंगारात फुटकी मूस सापडते. तिच्यातून पाहिले की ब्रह्मपुरीचे सातवाहन काळचे गाव दिसते. ती आत जाते. तिथे समुद्रदेवाची मूर्ती विकायला आणलेला परदेशी व्यापारी आहे, आणि हत्ती ओतणारा एक ओतारी आहे. मुलांचा दोन रविवार वाद चालला की भट्टी घरात होती की गावाबाहेर. एका मोल्डरकाकांनी निकाल दिला की धुराचे काम वस्तीत कोणी ठेवीत नाही, म्हणून भट्टी नदीकडे नेली. मग प्रश्न आला की ओतार्‍याला मजुरी कशात मिळाली, धान्यात की नाण्यात, आणि ती वेळेवर मिळाली का. त्यावर अजून एकमत झालेले नाही. एका मुलाचा आग्रह आहे की हत्तीच्या पोटाखाली ओतार्‍याने आपले नाव लिहिले होते, आणि ते शोधायलाच मुलगी गेली आहे. दुसरा म्हणतो, खर्‍या हत्तीखाली तसे नाव नाही, म्हणून गोष्टीतही नको.

गोष्ट तिथे अडली आहे. रचणारी मंडळी इथेच पुढच्या रांगेत बसली आहेत. पुढे काय होणार ते त्यांनाच विचारा. मला त्यांनी सांगितलेले नाही.